जास्तीचा कोंबडा आणि घरची ज्वारी



कापसाचा आणि ज्वारीचा हिशेब आपण दर बैठकीत मांडतो. आज अंगणातला हिशेब मांडायचा आहे. कोंबड्यांचे नाव काढले की पुढे बसलेली पुरुषमंडळी हसतात. हसू द्या. कोरडवाहू घरात कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि येतो तेव्हा सोसायटी, सावकार आणि बियाणेवाला दारात उभे असतात. मीठ-तेल, पोरांच्या वह्या, दवाखान्याचे गाडीभाडे हे पुष्कळ घरांत कोंबडीवर भागते, आणि तेवढाच पैसा बाईच्या हातात असतो. तो कुठे गळतो ते पाहू.

खुडूक बसवली, एकविसाव्या दिवशी पिले निघाली, की त्यांत साधारण निम्मे नर असायचेच. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते असे जुनी माणसे सांगतात. त्यात तथ्य नाही. पिलू नर की मादी हे कोंबडीकडून ठरते, कोंबड्याकडून नाही. माणसात नेमके उलटे आहे, ते बापाकडून ठरते; तरी मुलगी झाली की बोल बाईलाच लावतात. असो.

आता हिशेब. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. समजा अंगणात सहा आहेत, म्हणजे पाच जास्तीचे. उकिरड्यावर, खळ्यावर ते किडे-दाणे वेचतात हे खरे, पण संध्याकाळची मूठ आपण टाकतोच. कोंबड्यामागे पन्नास ग्रॅम धरा. पाचांचे दिवसाला पाव किलो, महिन्याला साडेसात किलो, चार महिन्यांत तीस किलो ज्वारी. वाढत्या अंगाच्या कोंबड्याला ती घातली तर मांस होऊन परत येते. पण सहा-सात महिन्यांनंतर वाढ मंदावते, मांस चिवट होते, आणि मूठ मात्र तेवढीच जाते. शिवाय ते कोंबड्यांच्या पाठीवर चढून पिसे उपटतात, कातडी सोलून निघते, आपसात रक्त निघेपर्यंत भांडतात. दबलेली कोंबडी दाण्यापाशी येत नाही. मग आपण म्हणतो, हिने अंडी का बंद केली?

म्हणून नर लवकर ओळखायचा. दीड-दोन महिन्यांच्या पिलाचा तुरा पाहा. नराचा तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी लवकर लाल होते, मादीची फिकी आणि लहान राहते. पण नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका, काही जातींत फसगत होते. कडकनाथाचा तुरा तर काळपटच असतो. खरी खूण पिसांत आहे. अडीच-तीन महिन्यांचे झाले की पिलू हातात घ्या आणि मानेवरची व शेपटीच्या मुळाशी असलेली पिसे बोटांनी उलगडून पाहा. नराची पिसे लांब, निमुळती, टोकदार आणि चकाकणारी असतात. मादीची रुंद आणि टोकाला गोल. पुढे शेपटीची पिसे विळ्यासारखी वाकू लागतात. नराचे पाय जाड असतात, उभे राहणे ताठ असते. आरवण्याची वाट पाहू नका. काही नर उशिरा आरवतात, आणि मोठ्या कोंबड्याच्या धाकातला नर गप्पच राहतो.

ओळखल्यावर कोणता ठेवायचा? इथे आपला मोठा तोटा होतो. व्यापारी अंगणात येतो, सर्वांत भारी कोंबड्यावर बोट ठेवतो, आपण तो देऊन टाकतो आणि खुराड्यात किरकोळ तेवढा उरतो. पुढच्या वर्षीची सगळी पिले त्या किरकोळाची! सरकीचे बियाणे निवडून घेणारा शेतकरी कोंबड्याचे बी व्यापाऱ्याला निवडू देतो. आधी आपला ठेवायचा, त्याच्या पायात चिंधी बांधायची, मग उरलेले दाखवायचे.

विकताना काट्यावर विका. व्यापारी नगावर घेतो आणि गिऱ्हाइकाला किलोवर विकतो, मधला फरक त्याचा. चार घरांत मिळून एक ताणकाटा घेतला तरी पुरे. आणि वेळ साधा. माघ-फाल्गुनात निघालेली पिले आषाढात विक्रीला येतात. आखाडात गावोगाव मागणी असते, अमावास्या उलटून श्रावण लागला की तोच कोंबडा कोणी विचारत नाही, आणि महिनाभर ज्वारी आपली. धुळवडीआधीही असाच भाव असतो. सगळे एकदम काढण्यापेक्षा दोन-तीन बाजारांत काढा. घरी खायचा असेल तर संकोच करू नका, आपल्या पोरांच्या ताटात पडलेले मांस हा तोटा नव्हे.

एक प्रश्न बायका हमखास विचारतात, कोंबडाच काढला तर अंडी बंद होतील का? होत नाहीत. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसेच हे. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिलू निघत नाही. उलट आपल्या उन्हाळ्यात याचा फायदाच आहे. पारा चाळिसाच्या वर गेला की फलित अंड्यात घरातल्या घरात जीव धरू लागतो आणि अंडे नासते. म्हणून चैत्र-वैशाखात पिले काढायची नसतील तर राखलेला कोंबडाही वेगळा ठेवा. वेगळा केल्यावर दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात, तेव्हा आधीपासून करा.

बाजारात लाल, हिरवी, गुलाबी रंगवलेली स्वस्त पिले मिळतात. ती बहुधा अंड्यांच्या जातीच्या उबवणी केंद्रातून टाकून दिलेले नर असतात. अंडी देणार नाहीत, अंगही फारसे धरणार नाहीत. लेकराच्या हट्टासाठी घेतली तर घ्या, धंदा म्हणून नको.

राखलेला कोंबडाही दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो आणि पिले कमजोर निघतात. दुसऱ्या गावच्या चांगल्या कोंबड्याशी अदलाबदल करा, पैसा लागत नाही. मात्र आणल्या आणल्या खुराड्यात सोडू नका. पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवा. त्याच्यामागून मानमोडी आली तर नर-मादी न पाहता सगळे खुराडे रिकामे होते. लस टोचायला पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूस यायचा असेल तर एका घरासाठी तो येणार नाही. पन्नास-शंभर पक्ष्यांची यादी करून आळीने मिळून जा.