जुन्या टेम्पोचा आवाज काय सांगतो?



जुन्नर-ओतूरचा भाजीपाला माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजार समितीत येतो. या वाटेवर जुना टेम्पो वापरणाऱ्यांनी गाडीच्या आवाजाकडे दुर्लक्ष करू नये. मात्र आवाज आला की लगेच सुटे भागही बदलू नयेत. तो केव्हा येतो, हे आधी टिपावे.

गाडी उभी करून, गिअर न टाकता इंजिन चालू ठेवा. क्लच दाबल्यावर आवाज आला तर क्लचचे बेअरिंग तपासावे. दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्स. चालताना येणारी घरघर डाव्या वळणावर वाढली, तर बहुधा उजव्या चाकाचे बेअरिंग झिजलेले असते. गाडी सुटताना ‘खट्’ झाले तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. खड्ड्यात खडखड झाली तर पाट्यांचे बुश व यू-बोल्ट पाहावेत.

ब्रेक दाबताना लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल तर माल भरूच नका. लायनर संपले असतील तर भरलेली गाडी घाटात आवरणार नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. चाकांना दगड लावून खाली भक्कम घोडी द्यावी. टिपलेली माहिती मिस्त्रीला सांगितल्यास दोष लवकर सापडतो आणि अनावश्यक खर्च वाचतो.