देवदासचा राग

शरच्चंद्रांची १९१७ सालची ‘देवदास’ कादंबरी आम्ही गटात मोठ्यानं वाचली. सिनेमात त्याच्यासाठी रडू येतं. पुस्तकात मात्र हात शिवशिवतात. पार्वती अब्रूची पर्वा न करता मध्यरात्री त्याच्या खोलीत येते. हा घरच्यांच्या नकारापुढं नमतो, कलकत्ता गाठतो, वर झिडकारणारं पत्र धाडतो. मग पस्तावून परत! तिनं बाणेदार उत्तर दिलं, तर मासे धरायच्या काठीनं तिचं कपाळ फोडतो. पार्वती थोराड मुलांच्या बिजवराशी लग्न करते आणि तो संसार नेटानं सांभाळते.

आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, “बिचारा, प्रेम तर होतं ना?” आम्ही बाकीच्यांनी विचारलं, असल्या प्रेमाला आपल्या लेकीचं स्थळ म्हणून होकार द्याल?

चंद्रमुखीबद्दल पुढच्या वेळी बोलू.