मनोविकारांचे संशोधन आणि माहितीची देवघेव

छिन्नमनस्कता हा एकाच जनुकाचा दोष नव्हे. शेकडो जनुकीय भेदांचा अल्प-अल्प भार त्यात एकवटलेला असतो. एका रुग्णालयाच्या नोंदींत तो दिसणे अशक्यच. म्हणून २००७ साली अनेक देशांच्या संशोधकांनी आपापली माहिती एकत्र करण्यास प्रारंभ केला. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून १०८ जनुकस्थाने हाती आली. २०२२ मध्ये, ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासानंतर, ती २८७ झाली.

एकत्रित निष्कर्ष संशोधकांना खुले आहेत. व्यक्तिगत नोंदी मात्र, नावे वगळूनही, तशा खुल्या करता येत नाहीत. जनुकांवरूनच माणूस ओळखू येऊ शकतो. आणि वेडाचा शिक्का घराण्याला किती काळ पुरतो, हे खेड्यापाड्यांत कोणास सांगावयास नको! यातील बहुतेक रुग्ण युरोपीय वंशाचे होते. त्यांवरून बांधलेले अंदाज भारतीय रुग्णास तितकेसे लागू पडत नाहीत.