बागेतले शिकारी पक्षी ओळखूया



आपल्या गच्चीवर घिरट्या घालणारा प्रत्येक मोठा पक्षी ‘गरुड’ नसतो बरं का! अंग तपकिरी आणि शेपटीला मधे खाच, ती घार. डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी, शेपूट गोलसर, ती ब्राह्मणी घार. कबुतराएवढा, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, तो शिक्रा. पावशा थेट त्याच्यासारखाच दिसतो. तेव्हा चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची जवळजवळ सरळ. खारी एकदम ओरडायला लागल्या, तर झाडात शिक्रा शोधा.

दिवसा घारी आणि रात्री गव्हाणी घुबड उंदीर पकडतात, तेही बिनपगारी. पण आपण उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकतो. गोळी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि आयता यांच्या तोंडी लागतो. विष त्यांच्याही पोटात जातं.

म्हणून कमिटीला विनंती : गोळ्या बंद करा, पिंजरे लावा, ओला कचरा झाकून ठेवा. २५ वर्षांत झाडं आपण वाढवली. आता त्यांवरचे पाहुणेही जपूया.