पातळ पितळ आणि एक गलबत
(सुवर्णमहोत्सवी हस्तकला-प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पितळेविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहो. आमचेच पितळ उघडे पडले तर सांभाळून घ्यावे, ही प्रारंभीच विनंती.

समोरच्या मेजावर दोन फूट लांबीच्या गलबताची प्रतिकृती ठेविली आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच वसलेल्या या म्हैसुरात गलबत कशाला, असे कोणी विचारील. गेल्या गणेशोत्सवात विजयदुर्गाचा देखावा करावयाचे ठरले, तेव्हा आमच्या मुलांना कान्होजी आंग्रे ठाऊक होते; परंतु डोलकाठी, नाळ, सुकाणू हे शब्द त्यांना सर्वस्वी नवे होते. सुकाणूस ती 'मागचे फळकूट' म्हणत. शब्द पाठ करून घेण्यापेक्षा ती वस्तूच त्यांच्या हातून घडवावी, असे आम्हांस वाटले. लाकूडकाम पंधरवड्यात उरकले. खरी परीक्षा पाहिली ती सुकाणूच्या बिजागऱ्या, कप्प्या आणि नांगर या पितळी कामाने.

पत्रा आणावयास गेलो, तो दुकानदारास 'पितळ' उमजेना. 'हित्ताळे' म्हणताच त्याने गुंडाळी पुढे केली. जुन्या कन्नडातील 'प'चा पुढे 'ह' झाला, हे ध्यानी घेतले तर दोन्ही शब्द एकाच घरचे. असो.

पत्रा ०.४ मिलिमीटर जाडीचा. प्रथम कातर चालविली. पण कातरीने कड मुरडते आणि अरुंद पट्टी स्क्रूसारखी वळते. मग सोनाराची बारीक करवत आणली. पात्याचे दाते खालच्या बाजूस यावेत आणि पाते तारेसारखे ताणलेले असावे. कापावयाच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दाते असावेत, हा करवतीचा नियम. इतक्या पातळ पत्र्यात तो पाळणेच अशक्य. दाता कडेला अडकतो आणि पाते मोडते. पहिल्या संध्याकाळी आम्ही डझनभर पाती मोडली! उपाय साधा निघाला: दोन पातळ फळ्यांमध्ये पत्रा डकवावा, वर आकृतीचा कागद चिकटवावा आणि सर्व एकत्रच कापावे. भोके पाडावयाची तीही फळ्या सोडविण्यापूर्वी. नंतर रेषेपर्यंत कानस.

बिजागरीपाशी मात्र आमची विद्या संपली. पट्टी खिळ्याभोवती वळविताच ती वाकावर तडकली. दुसरी केली, तीही तडकली. उत्सव चार दिवसांवर आला होता, आणि 'दुकानातून प्लॅस्टिकचे आणू' असे मुले म्हणू लागली होती.

आमच्यातील एक वयोवृद्ध सभासद पुण्याच्या कसब्यात वाढलेले. तांबट आळीतील हातोड्यांचा नाद ऐकत त्यांचे बालपण गेले. तडकलेली पट्टी बोटांत धरून ते म्हणाले, "अहो, हिला भाजलेत कुठे?" तांब्याच्या भांड्यावर तांबट मठार काढतो, म्हणजे हातोड्याने ओळीने ठोके देतो, ते केवळ शोभेसाठी नव्हे, ठोक्यांनी धातू कठीण होतो आणि पातळ भांडेही आकार टिकविते. पितळेचाही धर्म तोच. कारखान्यात रुळांखालून निघालेला पत्रा आधीच कठीण झालेला असतो. त्याला नरम करावयाचे तर काळोख्या खोलीत मंद तांबूस दिसेपर्यंत तापवावे, अधिक नव्हे. मग हवेत निवू द्यावे किंवा पाण्यात बुडवावे. पाण्याने पोलाद कठीण होते, पितळ होत नाही. हे ऐकून आमच्यातील एक निवृत्त अभियंताही ओशाळले. पुस्तकात वाचलेले त्यांना वेळेवर आठवले नव्हते.

त्या आजोबांचे हात आता कापतात. त्यांनी चिमटा धरला नाही. शेजारी बसून फक्त सांगितले. अकरा वर्षांच्या एका मुलीने पट्टी तापविली, निवविली आणि वळविली. पट्टी तडकली नाही. आजोबांनी ती दोनदा उलटसुलट पाहिली आणि लहान हातोडीने चार हलके ठोके द्यावयास सांगितले, म्हणजे गेलेला ताठपणा परत येईल.

तडकलेल्या दोन बिजागऱ्या मेजावर भिंगाखाली ठेविल्या आहेत; त्या अवश्य पाहाव्यात. मुलांनो, सुकाणू हलवून पाहण्यास हरकत नाही. नांगरास मात्र हात लावू नका. त्याचा डाख आम्ही दिला आहे, मुलांनी नव्हे, आणि तो अजून कच्चा आहे.