कंपवात आणि घराचा आर्थिक बंदोबस्त
(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



११ एप्रिल हा दिवस आपण महात्मा जोतीराव फुले यांची जयंती म्हणून साजरा करतो. हाच दिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. १८१७ साली या आजाराचे सविस्तर वर्णन लिहिणारे इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. आपल्याकडे या आजाराला कंपवात म्हणतात. औषधाचे डॉक्टर सांगतील. मी बँकेतला कारकून. पैसा, सही आणि कागद एवढ्यावरच बोलणार आहे.

कंपवातात हात थरथरतो, हालचाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते. औषधांनी त्रास आटोक्यात राहतो, पण आजार मुळातून जात नाही. म्हणजे खर्च अनेक वर्षांचा. जळगाव-धुळ्याहून तज्ज्ञांकडे नाशिक-मुंबईला जायचे तर भाडे, मुक्काम आणि सोबत्याची बुडालेली मजुरीही धरावी लागते. पुढे काहींची स्मृती व निर्णयशक्तीही मंदावते. मात्र हा आजार एका रात्रीत माणसाला आडवा करीत नाही. तो तयारीला अवधी देतो, आणि तो अवधी वाया घालवू नये हेच मला सांगायचे आहे.

पहिली गोष्ट सहीची. खिडकीवर आम्ही पाहतो, सही जुळत नाही म्हणून वयस्कर माणूस ओशाळून परत फिरतो. त्याने ओशाळू नये. हात बरा असतानाच बँकेत नव्या सहीचा नमुना द्यावा. सही अजिबात जमेना, तर अंगठ्यावर पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असतो. अंगठाही उमटत नसेल तर खूण चालते. ही रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे. सत्तरीपुढील व अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असेही तिने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना कळविले आहे. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवर देता येतो.

दुसरी गोष्ट खात्याची. एका निवृत्त गृहस्थांच्या सर्व मुदत ठेवी एकट्याच्या नावावर होत्या. त्यांना समज राहिली नाही, तेव्हा पैसा बँकेत आणि घरचे सावकाराच्या दारात, अशी स्थिती झाली. म्हणून विश्वासाच्या माणसासोबत ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ असे संयुक्त खाते वेळीच करावे. मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण करून देणाऱ्याची समज गेली की कायद्याने मुखत्यारपत्र संपते. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टात जावे लागते.

तिसरी गोष्ट वारसाची. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. पण नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो, तो मालक होतोच असे नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर व म्युच्युअल फंडांबाबत हेच स्पष्ट केले. तेव्हा मृत्युपत्र हवेच. आपणा बौद्धांनाही १९५६ चा हिंदू वारसा कायदाच लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात. ते मालमत्तेत वाटा नसलेले असावेत. कंपवात असेल तर त्याच दिवसाचे, समज शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे आणि नोंदणीही करावी. रुग्ण कचेरीत येऊ शकत नसेल तर विशेष कारण दाखवून दुय्यम निबंधकांना घरी बोलावता येते. घर किंवा शेत जिवंतपणीच मुलांच्या नावे करण्याची घाई मात्र करू नये. बक्षीसपत्र करायचेच, तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट लिहावी. मग सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागून ते रद्द करवून घेता येते.

चौथी गोष्ट हक्काची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सनचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तपासणीत अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले, तर अनेक सवलतींचा मार्ग मोकळा होतो. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्यांसाठी वेगळी तरतूद हवी. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

आणि सांभाळणारीचे काय? बहुतेक घरांत ती पत्नी किंवा सून असते. तिच्या कामाला पगार नाही, सुट्टी नाही. निदान तिच्या नावे स्वतंत्र खाते असावे आणि त्यात दरमहा काही रक्कम पडावी.

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. तसाच आपल्या घराचाही ठेवू या. खाती, ठेवी, विमा, कर्ज, सातबारा, कोणती कागदपत्रे कुठे आहेत, हे सर्व एका वहीत लिहा. विद्यार्थी मित्रांनो, ही वही तुम्ही लिहा. आजोबांना शेजारी बसवून, त्यांना विचारून. पैसा त्यांचा आहे, निर्णयही त्यांचाच राहू द्या.