दोन सेंटीमीटरची मोजणी



मी शास्त्रज्ञ नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही ज्ञान, ते पुस्तके चाळून आणि जाणत्यांच्या शेजारी बसून मिळवलेले. परंतु तीस वर्षे संघटनेच्या कामात गेली, आणि कामगारांचे निम्मे तंटे मापाचेच असतात. म्हणून ड्रोन दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत आपली जागा ओळखतो असे ऐकले, तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हा की, कशाच्या आधारावर?

आपल्या खिशातला मोबाइल जागा सांगतो ती चार-पाच मीटरच्या फरकाने. रस्ता शोधायला तेवढे पुरते. गावठाणात मात्र पाच मीटर म्हणजे थेट शेजाऱ्याची चूल! उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. तेथून लहर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचे. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश एक फूट जातो. घड्याळ तेवढे चुकले की फूटभर चूक पडली. शिवाय वातावरणाचे वरचे थर लहरीला उशीर लावतात, तो निराळाच.

यावरचा उपाय मला फार आवडला. ज्या जागेचा ठाव आधीच नेमका माहीत आहे तेथे दुसरे यंत्र कायमचे रोवतात. स्वतःची जागा ठाऊक असल्यामुळे आकाशाचा हिशेब या क्षणी किती चुकतो आहे हे त्याला कळते, आणि तीच दुरुस्ती ड्रोनच्या हिशेबाला लावतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी स्थानके महाराष्ट्रात उभारली आहेत. ड्रोनवरचे यंत्र काड्यापेटीहून लहान, पण ते लहरीच मोजते. लहर सुमारे १९ सेंटीमीटरची. तिचाही अंश ते वाचते. पुऱ्या लहरी किती झाल्या, हे कोडे मात्र आधी सोडवावे लागते. मध्ये आडोसा आला की मोजणी तुटते आणि कोडे पुन्हा पहिल्यापासून. जुना मोजणीदार ३३ फुटी साखळी घेऊन फिरे. तिचा चौरस म्हणजे गुंठा. साखळीला झोळ पडला तर तो निदान चारचौघांना दिसे.

स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी गावठाणाच्या ड्रोन-मोजणीचा प्रयोग झाला होता. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. माझ्या वडिलांच्या दोन खणांच्या घराला घरपट्टीची पावती तेवढी होती. आईच्या औषधपाण्यासाठी कर्ज मागायला गेलो, तर कारकुनाने पावती उलटसुलट करून म्हटले, "ही कर भरल्याची खूण, मालकीची नव्हे." त्यामुळे मिळकत पत्रिका हाती येणे ही गरिबाला केवढी गोष्ट, हे मला कोणी सांगायला नको.

पण उड्डाणापूर्वी गावात हद्दींवर चुना टाकतात, आणि ड्रोन छायाचित्र घेतो ते त्या चुन्याचे. जो घरधनी त्या दिवशी ऊसतोडीला किंवा कारखान्याच्या पाळीवर गेला, त्याच्या दारातली रेघ शेजारी दाखवील तेथे पडते. आणि यंत्र तीही तितक्याच बिनचूकपणे टिपते. मागाहून चौकशी होते, हरकतही घेता येते, पण त्यासाठी पुन्हा खाडा.

हे मी सभेत सांगितले तेव्हा एका सभासदाने उठून विचारले, "भाऊ, त्या दिवसाची रजा कोण देणार?" आम्ही मोजणीच्या दिवसाची भरपगारी रजा मागणीपत्रात घातली. मालकांचे उत्तर अजून आलेले नाही.